कुणी विचारायचं, आणि कुठे गप्प बसायचं

बहाई धर्मात भटजी नाहीत, मौलवी नाहीत, पाद्री नाहीत. नियम मात्र आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांनी १८७३ च्या सुमारास अक्का इथे (आजच्या इस्रायलमध्ये) कैदेत असताना 'किताब-ए-अकदस' हा ग्रंथ अरबीत लिहिला. प्रार्थना, उपवास, लग्न, घटस्फोट, दफन, वारसा हे सगळं त्यात येतं. सांगणारा पुरोहितच नाही, तर नियम पाळला की नाही हे बघणार कोण? बहुतेक नियमांच्या बाबतीत उत्तर असं की कुणीच नाही. प्रार्थना, उपवास आणि हुकूकुल्लाह (उरलेल्या संपत्तीतून द्यायचा वाटा) ही माणसाची आणि ईश्वराची आपसातली बाब. तिथे शेजारच्या बहाईने विचारायचं नाही, सभेनेही नाही. लग्न, घटस्फोट, दफन, राजकीय पक्ष, चारचौघांतली दारू इथे मात्र स्थानिक आध्यात्मिक सभेचा, म्हणजे गावच्या बहाईंनी निवडलेल्या नऊ जणांचा, संबंध येतो. ही दोन खाती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. जिथे गप्प बसायचं तिथे चौकशी सुरू होते, आणि जिथे लेखी कागद हवा तिथे "बघू मागाहून" चालतं. कोकणात हे जास्त होतं, कारण वाडीत कुणाच्या घरी काय शिजलं हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

आधी खासगी खातं. अनिवार्य प्रार्थना तीन आहेत: छोटी, मध्यम आणि मोठी. रोज त्यातली कुठली म्हणायची ते ज्याचं त्याने निवडायचं. छोटी दिवसातून एकदा, मध्यान्ह ते सूर्यास्त या वेळात. मध्यम तीनदा: सूर्योदय ते मध्यान्ह, मध्यान्ह ते सूर्यास्त आणि सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आत. मोठी चोवीस तासांत कधीही एकदा. आधी हात आणि तोंड धुवायचं. चूक होते ती घड्याळाची. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि रत्नागिरी साधारण ७३.३ अंशावर. त्यामुळे कोकणात सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो ऋतूप्रमाणे १२:२० ते १२:५० च्या दरम्यान. बाराच्या ठोक्याला छोटी प्रार्थना उरकणारा वेळेआधीच उरकतो. दुसरी चूक दिशेची. तोंड करायचं ते अक्क्याजवळच्या बहजीकडे, बहाउल्लाह यांच्या समाधीकडे. रत्नागिरीहून ही दिशा वायव्येची, उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण ५८ अंश. म्हणजे समुद्राकडे सरळ तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडे बत्तीसेक अंश वळायचं. मोहल्ल्यातल्या मशिदीवरून अंदाज बांधू नये. मक्केची दिशा इथून आणखी पश्चिमेला पडते, जवळजवळ वीस अंशांचा फरक आहे.

अनिवार्य प्रार्थना एकेकट्याने म्हणायची असते. सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना एकच, मृतासाठीची, आणि तीही एकजण म्हणतो, बाकीचे उभे राहून ऐकतात. त्यामुळे कोण रोज म्हणतं आणि कोण नाही हे कळायची सोयच ठेवलेली नाही. आजाऱ्याला आणि सत्तरी ओलांडलेल्याला सूट आहे. पाळीच्या दिवसांत बाईलाही सूट आहे, तिने हवं तर हात-तोंड धुऊन ठरलेलं वचन ९५ वेळा म्हणावं. ही सूट आहे, मनाई नाही. विटाळ ही कल्पनाच बहाउल्लाह यांनी रद्द केली. "कावळा शिवला" म्हणून पडवीत बसवण्याची जुनी सवय ज्या घरात अजून उरली आहे, तिथे ही सूट हमखास विटाळाच्या अर्थाने घेतली जाते आणि सासू प्रार्थनेचं पुस्तक सुनेच्या हातातून काढून घेते. ते बहाई नियमात बसत नाही.

उपवास एकोणीस दिवसांचा, मार्चच्या १ किंवा २ तारखेपासून नवरोजच्या, म्हणजे बहाई नववर्षाच्या, आदल्या दिवसापर्यंत. नवरोज तेहरानच्या वसंतसंपातावर ठरतो, म्हणून कधी २० मार्च, कधी २१. वय १५ ते ७०. सूर्योदय ते सूर्यास्त अन्न नाही, पाणी नाही, विडी-सिगारेट नाही. रोजा पहाटेपासून धरतात, इथे सूर्य उगवेपर्यंत खाता येतं, त्यामुळे सकाळची पेज सुटत नाही. दिवस जेमतेम बारा तासांचा असतो. त्रास भुकेचा नसतो, मार्चमधल्या दमट उकाड्यात पाण्याचा असतो. पहाटे खारट खाऊ नये एवढं बघितलं तरी निम्मा त्रास वाचतो. दिनदर्शिकेतला सूर्यास्त बहुधा मुंबईचा असतो. त्या दिवसांत सावंतवाडीत सूर्य मुंबईपेक्षा तीनचार मिनिटं आधी मावळतो, म्हणजे मुंबईची वेळ पाळली तर चूक होत नाही, तहान तेवढी लांबते.

सूट कुणाला? आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी, पाळीतली बाई, आणि अंगमेहनतीचं काम करणारा. शेवटची सूट इथे महत्त्वाची. मार्च म्हणजे हापूसचा हंगाम. दिवसभर कलमांवर चढून झेल्याने आंबा उतरवणारा किंवा उन्हात फवारणीचा पंप पाठीवर घेणारा यात येतो. पण नियमाला जोड आहे: अशा माणसाने खावं, ते बेताने आणि चारचौघांपासून बाजूला. पेट्या भरायला सावलीत बसलेला मेहनतीत मोडतो का? ते त्याचं त्याने ठरवायचं. प्रवासाची सूट नऊ तासांहून लांबच्या प्रवासाला, पायी असेल तर दोन तासांहून जास्त. रत्नागिरी ते मुंबई बहुतेक गाड्यांनी नऊ तासांत होतं, सावंतवाडीहून दिवसाच्या काही गाड्यांनी ते ओलांडतं. उतरल्या ठिकाणी एकोणीस दिवसांहून कमी मुक्काम असेल तर तिथेही सूट चालू राहते. स्वतःच्या कायमच्या घरी परतलात तर दुसऱ्या दिवसापासून उपवास. आता शिमग्याला आलेल्या चाकरमान्याचं कायमचं घर कुठलं, मुंबईतली खोली की गावचं? हा वाद घालायला लोकांना फार आवडतं. वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. ज्याचा उपवास त्याचा निर्णय.

हुकूकुल्लाह म्हणजे गरजा भागून उरलेल्या संपत्तीवर १९ टक्के. मोजायचं एकक १९ मिस्काल सोनं, म्हणजे साधारण ६९.२ ग्रॅम. राहतं घर, घरातलं सामान आणि धंद्याची आवश्यक साधनं यांतून वगळायची. मासेमाराची होडी, जाळी, इंजिन हिशोबात धरायचं नाही. समजा सोनं ग्रॅमला दहा हजार रुपये आहे. मग एक एकक ६,९१,९२० रुपयांचं. शिल्लक त्याहून कमी तर काहीच देणं लागत नाही. एक एकक पुरं झालं की १,३१,४६५ रुपये. पुढे पूर्ण एककावरच हिशोब, मधल्या रकमेवर नाही. ज्या रकमेवर एकदा दिलं तिच्यावर परत नाही. म्हणून वहीत "इथपर्यंत दिलं" अशी रेघ मारून ठेवावी, नाहीतर दोन वर्षांनी त्याच पैशावर दुसऱ्यांदा देऊन बसाल. गरज कशाला म्हणायचं हे देणाऱ्याने ठरवायचं, आणि मागायची तर कुणालाच परवानगी नाही. गावच्या पालखीची वर्गणी घरोघरी फिरून, पावती फाडून गोळा करायची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

आता दुसरं खातं. लग्नात मुलगा-मुलगी एकमेकांना आपण निवडतात. आईबापांनी निवडायचं नाही, आग्रह धरायचा नाही. निवड झाली की मात्र दोघांच्या हयात असलेल्या सगळ्या जन्मदात्यांची संमती लागते. आईबाप बहाई नसले तरी लागते. नवऱ्याने टाकलेल्या आईने एकटीने मुलगी वाढवली असली तरी बापाची लागते. तो मेला असेल, कायद्याने मृत धरण्याइतका बेपत्ता असेल, वेडा असल्याचा दाखला असेल किंवा त्याने मुलीला नाकारलं असेल तरच ती अट सुटते. छळाचं प्रकरण असेल तर ते सभेपुढे ठेवावं. आणि आईबापांनी जात बघून नकार दिला तर? जातपात मानणं बहाईंना निषिद्ध आहे, पण नकार कितीही अन्यायाचा असला तरी तो नकारच. सभा त्यांना जाऊन भेटू शकते, बोलू शकते, जबरदस्ती करू शकत नाही. कुणबी घरातली मुलगी आणि बौद्ध घरातला मुलगा यांचं लग्न बहाई नियमात पूर्ण बसतं आणि एका आजारी, हट्टी बापापाशी अडतं. स्वातंत्र्याच्या बाजूने बघितलं तर सगळ्यात जड नियम हाच. तो सैल करा असं अनेकांना वाटतं, पण सभेच्या हातात ते नाही. नियम ग्रंथातला आहे.

काम बिघडतं ते संमतीच्या कागदावर. बाप "दोघांच्या वतीने" सही करतो, तशी चालत नाही. आईची वेगळी हवी. फोनवर "हो" म्हणणं पुरत नाही. "आमच्या पद्धतीने विधी केला तर" अशी अटीची संमती ही संमती नव्हे. सभेचं काम एवढंच: संमती खरी आहे का, मोकळेपणाने दिलेली आहे का हे तपासणं. मुलगा चांगला की वाईट हे बघणं तिचं काम नाही. लग्नाचा विधी दोन मिनिटांचा. सभेला मान्य असलेल्या दोन साक्षीदारांसमोर दोघांनी एक वाक्य म्हणायचं, की आम्ही सर्व ईश्वराच्या इच्छेप्रमाणे वागू. बाकी हळद, मुंडावळ्या, जेवणावळ हौसेप्रमाणे.

कायद्याच्या बाजूला बहाई विवाहासाठी भारतात वेगळा कायदा नाही. म्हणून १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कचेरीतल्या फलकावर लागते (आणि संध्याकाळच्या एसटीने गावात पोचते), ३० दिवस हरकतीची मुदत, मग नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसह सह्या. बहाई विधी आणि नोंदणी एकाच दिवशी उरकायची. साक्षीदारांचा आकडा इथे दोन, तिथे तीन, हे लक्षात न ठेवल्याने ऐनवेळी कचेरीच्या आवारात तिसरा माणूस शोधावा लागतो. संमतीशिवाय नुसती नोंदणी करून मोकळे झालेल्या बहाईचे प्रशासकीय अधिकार (मत देणं, निवडून येणं वगैरे) जाऊ शकतात. मागाहून संमती मिळवून बहाई विधी केला तर ते परत मिळतात.

घटस्फोट वर्ज्य नाही, पण नापसंत आहे. वेगळं राहायला लागल्यावर सभा 'धीराचं वर्ष' सुरू झाल्याची तारीख ठरवते. ती तारीख लिहून घेणं हेच मुख्य. वर्षभरात समेट झाला नाही तर पुढचं काम कोर्टाचं. विशेष विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहणं लागतंच, त्यामुळे दोन्ही वर्षं एकत्र चालू शकतात.

मृत्यू झाला की वेळ कमी असतो. बहाई प्रेताचं दहन होत नाही, दफन होतं. मृत्यूच्या गावापासून किंवा शहराच्या हद्दीपासून तासाभराच्या प्रवासात बसेल अशाच जागी. वाहन कुठलंही चालतं, तास ओलांडता येत नाही. म्हणजे रत्नागिरीत गेलेल्याला बहाई दफनभूमी आहे म्हणून घाट चढून पुण्याला नेता येत नाही, आणि मुंबईत गेलेल्या चाकरमान्याला गावच्या मातीत न्यायची घरच्यांची इच्छाही या नियमात बसत नाही. जागा आधी ठरवलेली नसेल तर इथे पंचाईत होते. खासगी जागेत पुरायचं तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची परवानगी लागते, ती रात्रीतून मिळत नाही. जांभ्यात खड्डा घ्यायला पहारीवाले दोन माणसं आणि अर्धा दिवस धरावा. भर पावसात खड्ड्यात पाणी साठतं, म्हणून उतारावरची, निचऱ्याची जागा बघावी. प्रेताला आंघोळ घालून सुती किंवा रेशमी कापडात गुंडाळायचं, पाच वस्त्रं, ऐपत नसेल तर एक. पेटी टणक लाकडाची. फणस किंवा साग मिळतोच. पंधरा वर्षांवरच्या मृतासाठी ती एकाने म्हणायची प्रार्थना दफनाआधी. रसायनं भरून प्रेत टिकवणं नाही.

घरचे हिंदू असतील तर ते सरणाचीच तयारी करणार, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात आधी कागद हवा. म्हणून मृत्युपत्र. बहाई माणसाला ते करणं बंधनकारक आहे, आणि त्यात मालमत्ता कुणाला द्यायची याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. मृत्युपत्र नसेल तर अकदसमध्ये २५२० भागांची वाटणी सांगितली आहे: मुलं १०८०, पती किंवा पत्नी ३९०, वडील ३३०, आई २७०, भाऊ २१०, बहिणी १५० आणि शिक्षक ९०. शिक्षकाला वारसात धरणारी ही यादी मला मनापासून आवडते, पण भारतातलं कोर्ट तिच्यावर चालत नाही, इथला वारसा कायदाच लागतो. म्हणून लिहून ठेवणं हाच उपाय. दोन साक्षीदारांसमोर सही, साक्षीदारांपैकी कुणालाही त्यात वाटा ठेवू नये, नोंदणी ऐच्छिक. कोकणात आणखी एक मेख आहे. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची वीसपंचवीस नावं असतात. मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, "खालची बाग धाकट्याला" असं लिहून भागत नाही. दफनाची इच्छा मृत्युपत्रात लिहावीच, पण ती वेगळ्या कागदावर लिहून एक प्रत घरात, एक सभेकडे ठेवावी. मृत्युपत्र बहुतेक वेळा तेराव्यानंतर उघडलं जातं.

सभा म्हणजे नऊ जण. दरवर्षी रिझवान या सणाच्या पहिल्या दिवशी, एप्रिलच्या २० किंवा २१ तारखेला, गुप्त मतदानाने निवडतात. उमेदवार नाहीत, प्रचार नाही. निर्णय नऊ जणांच्या बैठकीचा असतो. बैठकीबाहेर एकट्या सभासदाला काडीचाही अधिकार नाही, त्याने नाक्यावर कुणाला जाब विचारला तर तो फक्त आगाऊपणा. जिथे नऊ प्रौढ बहाई नाहीत तिथे सभा बनत नाही, मग दिल्लीच्या राष्ट्रीय आध्यात्मिक सभेला लिहायचं. स्थानिक निर्णय पटला नाही तर तिच्याकडे, आणि तिचाही पटला नाही तर इस्रायलमधल्या हैफातल्या विश्व न्याय मंदिराकडे, म्हणजे धर्माच्या सर्वोच्च संस्थेकडे, दाद मागता येते.

एखाद्याने उघडपणे, वारंवार नियम मोडला तर काय होतं? आधी समजावणं, मग वेळ देणं, मग ताकीद. त्यानंतरच प्रशासकीय अधिकार काढणं, आणि तोही निर्णय सहसा राष्ट्रीय सभा घेते. अधिकार गेले म्हणजे मत देता येत नाही, निवडून येता येत नाही, दर एकोणीस दिवसांनी भरणाऱ्या सहभोजाला बसता येत नाही, निधीला पैसे देता येत नाहीत, बहाई विधीने लग्न होत नाही. एवढंच. तो बहाईच राहतो. प्रार्थनासभेला येतो, लोक त्याच्याकडे जातात, चहा घेतात. गावकीत वाढलेल्या माणसाला हे नीट सांगावं लागतं, कारण त्याच्या डोक्यात शिक्षा म्हटली की वाळीत टाकणंच येतं: पाणवठा बंद, दुकान बंद, मयताला खांदा बंद. ते २०१६ च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अधिकार काढलेल्या बहाईशी वाडीतल्या बाकीच्या बहाईंनी बोलणं टाकलं तर ते त्यांच्या धर्मालाही धरून नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो झाकून ठेवू नये. धर्माच्या केंद्रीय अधिकारालाच आव्हान देऊन फूट पाडणाऱ्याला 'संविदा मोडणारा' ठरवतात, आणि त्याच्याशी बहाईंनी संबंध ठेवायचा नसतो. हे स्थानिक सभेच्या हातात नाही, त्याचा निर्णय हैफातूनच होतो. टीकाकार यावर बोट ठेवतात ते उगाच नाही. विश्व न्याय मंदिराच्या नऊ जागांवर स्त्रिया निवडून येत नाहीत, स्त्री-पुरुष समता हे तत्त्व असूनही. शरीरसंबंध फक्त स्त्री-पुरुषाच्या विवाहात, त्यामुळे समलिंगी व्यक्तीपुढे नियम पाळून जोडीदाराबरोबर जगायचा रस्ता राहत नाही. धर्मावर पुस्तक छापायचं तर आधी सभेकडून तपासून घ्यावं लागतं, आणि "तात्पुरतं" म्हणून आणलेला हा नियम अजून चालू आहे. हे प्रश्न तरुण मुलं विचारतात तेव्हा "श्रद्धा ठेवा" म्हणून गप्प करण्यापेक्षा नियम असा आहे, तो तुला पटला नाही तरी चालेल, एवढं सांगणं जास्त प्रामाणिक. मत काहीही असू शकतं, फक्त ते अधिकृत अर्थ म्हणून मांडता येत नाही.

राजकारणाचं सोपं आहे. मत द्या, कुणाला दिलं ते सांगू नका, पक्षाचं सदस्यत्व घेऊ नका, प्रचाराला फिरू नका. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कागदावर पक्ष नसतो, पण पॅनल कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तेव्हा तिथेही लांबच राहावं. दारू नाही: माडी नाही, काजूची नाही, पालखी नाचवल्यावरची तर मुळीच नाही. डॉक्टरने औषध म्हणून दिली तर गोष्ट वेगळी. तंबाखूवर बंदी नाही, पण ती किळसवाणी मानली आहे. जुगार निषिद्ध, मात्र लॉटरी त्यात येते का हे विश्व न्याय मंदिराने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलं आहे. घरच्या गणपतीला जायला, आरतीला उभं राहायला, मोदक खायला कुणाची ना नाही. दुसऱ्या धर्माच्या संस्थेचं सदस्य व्हायचं तर मात्र नाही.

एक कागद मात्र सही करण्यापूर्वी नीट बघावा. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. त्या समाजातल्या माणसाने धर्माच्या रकान्यात बहाई लिहिलं तर जातीच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची झळ मुलांच्या प्रवेशाला आणि नोकरीला बसते. हे त्याला आधी सांगायला हवं, नंतर नव्हे. मूल पंधरा वर्षांचं झालं की बहाई राहायचं की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं असतं, बापाने दाखल्यावर काय लिहिलं होतं त्यावर ते ठरत नाही. मोठ्या माणसालाही धर्म सोडता येतो. बहाउल्लाह यांच्यावर माझा विश्वास राहिला नाही, असं सभेला लिहून द्यायचं. हे त्याने स्वतःच्या मनाने लिहिलं आहे एवढी खात्री झाली की नाव काढतात. कारण विचारत नाहीत, विचारू नये.